तारण: सोन्याचं आणि आपलं

पत्र

ताई, मी मूळची नगरची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली. लग्न होऊन वसईत आले, सासर कॅथलिक. माझी मंडळी मी बदलली नाही, आणि अकरा वर्षांत त्यावरून घरात कधी शब्द झाला नाही.

आठ महिन्यांपूर्वी सासरे गेले. भला माणूस. गावात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं की त्यांचा टेम्पो त्या दारात उभा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, मात्र जायचे ते नाताळ आणि ईस्टरला, तेही बाहेर झाडाखाली उभे राहायचे. सासूबाई आता त्यांच्यासाठी दर महिन्याला मिस्सा ठेवतात.

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका स्वतंत्र प्रार्थनागटात जातो. गेल्या महिन्यात आला होता. जेवताना सासूबाईंसमोर म्हणाला, "मेलेल्या माणसासाठी मिस्सा करून काय होणार? तारण कृपेनं होतं, विश्वासानं होतं, कर्मांनी नाही. बायबलात रोमकरांस दहा-नऊ वाचा. तोंडानं कबूल करायचं, मनापासून विश्वास ठेवायचा. काकांनी जिवंतपणी प्रभूला स्वीकारलं नाही, विषय संपला." सासूबाई ताटावरून उठल्या. रात्री त्यांनी मला विचारलं, "किती मिस्सा झाल्या की पुरे होतात गं?" मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक. हे कुणालाच सांगितलेलं नाही. सासरे गेल्यापासून मी प्रार्थनेला बसते, पण आत काही हलत नाही. नुसती कोरड. तारण विश्वासानं होतं आणि माझ्याकडे तोच उरला नसेल, तर माझं काय?

उत्तर

शेवटून सुरुवात करते, कारण खरं विचारायचं होतं ते तुम्ही शेवटी लिहिलंय. भावाचं वाक्य सासूबाईंना लागलं त्याहून जास्त तुम्हाला लागलंय. ते सासऱ्यांबद्दल बोलत होतं, आणि तुम्ही मनातल्या मनात तेच माप स्वतःला लावून पाहिलंत.

मराठीत 'तारण' या शब्दानं आपली पंचाईत करून ठेवली आहे. पतसंस्थेच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज' असतं आणि चर्चच्या भिंतीवर 'कृपेनेच तुमचे तारण झाले आहे'. अक्षरं तीच, पण तिथे अर्थ गहाण आणि इथे उद्धार, व्यवहार अगदी उलटा. पतसंस्थेत आधी आपण काहीतरी काउंटरवर ठेवायचं. मग तिथला माणूस कस लावतो, वजन करतो, हीण वजा करतो, आणि जेवढं भरेल त्या मानानं पदरात टाकतो. तुमचा भाऊ कर्मांना नाही म्हणतो खरा, पण विश्वास मात्र त्याच काउंटरवर ठेवतो. ज्याचा भरला त्याला मिळालं, काकांचा भरला नाही, विषय संपला. कर्मं दारातून बाहेर घालवली आणि विश्वासालाच कर्म करून आत घेतलं. हे कर्म सगळ्यांत जड, कारण टेम्पो काढणं निदान डोळ्यांना दिसतं. मनापासून विश्वास ठेवला की नाही, हे कोण कशावर जोखणार?

आता ज्या वचनाच्या जोरावर हे सगळं बोललं जातं ते उघडून पाहू. नव्या करारातलं पौलाचं इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवी ओवी. आपल्या मराठी शास्त्रात आहे: 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे'. यात दोन वेगळे प्रत्यय आहेत आणि ते उगाच नाहीत. कृपेला 'ने' लागलाय, विश्वासाला 'च्या द्वारे'. मूळ ग्रीकमध्येही हा फरक आहे. तारतं कोण, तर कृपा. विश्वास म्हणजे ती पोचण्याची वाट. तुम्ही वसईकर, सूर्या धरणाचं पाणी कधी येतं आणि कधी येत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. नळ आपल्या मोरीत असतो, पाणी धरणातून येतं. नळ बारीक असला तर धार बारीक लागेल, पण तेवढ्यानं धरण आटत नाही. आणि भरलेल्या हंड्याचं श्रेय नळाला देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पुढचे शब्द आहेत, 'हे देवाचे दान आहे'. यातलं 'हे' म्हणजे काय, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. ग्रीकमध्ये कृपा आणि विश्वास हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि 'हे' नपुंसकलिंगी. म्हणजे ते सुटं विश्वासाकडे किंवा सुटं कृपेकडे बोट दाखवत नाही, झालेल्या सगळ्या गोष्टीकडे दाखवतं. सगळंच दान. दानातला एक तुकडा आपण आपल्या खिशातून घातला, असं पौल म्हणत नाही. उलट लगेच सांगतो की कोणी आढ्यता बाळगू नये. (मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी आणि तारण नपुंसकलिंगी. आपलं 'हे' किती सहज बसलंय पाहा. मला अशा गोष्टींचा आनंद होतो, माफ करा.)

हे माझं घरगुती मत नाही. ५२९ साली दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावी बिशपांची एक परिषद भरली होती. तोपर्यंत शंभर-सव्वाशे वर्षं वाद चालला होता की देवाकडे पहिलं पाऊल माणूस उचलतो का. म्हणजे सुरुवात माझी आणि पुढचं देवाचं, असं चालेल का? परिषदेनं सांगितलं, चालणार नाही. विश्वासाची सुरुवात, विश्वास ठेवावासा वाटणं, हीसुद्धा कृपेचीच देणगी. पुढे प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला उत्तर द्यायला कॅथलिकांनी ट्रेंट इथं परिषद भरवली. तिच्यात १३ जानेवारी १५४७ रोजी झालेला ठराव भावाला जरूर दाखवा, त्याचा विश्वास बसणार नाही. त्यात लिहिलंय की नीतिमान ठरवलं जाण्याआधी माणसाकडे जे काही असतं, मग ती कर्मं असोत की विश्वास, त्यातलं काहीही ही कृपा कमावू शकत नाही. ल्यूथरच्या विरोधात बसलेले लोक हे म्हणत होते! भांडण होतंच, आणि ते लहान नव्हतं. ल्यूथरच्या 'केवळ विश्वासाने' या शब्दांचा एक अर्थ त्याच परिषदेनं धिक्कारला. पण कॅथलिक लोक कर्मांनी तारण विकत घेतात, असं जे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं, ते त्यांच्या शिकवणीत नाही. लोकांच्या मनात असतं कधी कधी. तसं ते आपल्याही लोकांच्या मनात असतं, फक्त नाणं वेगळं.

'केवळ' या शब्दाची गोष्ट गमतीची आहे. १५२२ साली ल्यूथरनं नवा करार जर्मनमध्ये आणला, तेव्हा रोमकरांस तीन-अठ्ठावीसमध्ये 'केवळ' हा शब्द स्वतःहून घातला. मुळात तो नाही. टीका झाली तेव्हा १५३० साली त्यानं ठणकावून उत्तर दिलं की जर्मन माणूस असंच बोलतो, आणि पौलाचा अर्थही तोच आहे. अर्थाच्या बाबतीत त्याची बाजू मला बरीचशी पटते. पण नव्या करारात 'केवळ विश्वासाने' हे शब्द मुळातच जोडीनं येतात ती जागा एकच, याकोबाच्या पत्रातली दोन-चोवीस, आणि तिथे त्यांच्यामागे नकार आहे: माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. ल्यूथरला हे पत्र इतकं खटकलं की त्यानं त्याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं.

मग पौल खरा की याकोब? दोघे एका शब्दानं दोन गोष्टी म्हणतात. याकोब ज्या विश्वासाला नावं ठेवतो तो म्हणजे नुसतं मान्य असणं. देव एक आहे हे भुतांनाही मान्य आहे, आणि ती थरथर कापतात, असं तो म्हणतो. पौल बोलतो तो भरवशाबद्दल. मराठीत या दोन्हींना आपण विश्वासच म्हणतो, म्हणून घोळ होतो. 'पाऊस येईल असा माझा विश्वास आहे' हा एक, आणि 'माझा तुझ्यावर विश्वास आहे' हा दुसरा. दुसऱ्यात माणूस स्वतःला कुणाच्या तरी स्वाधीन करतो. तसा भरवसा असला की हातपाय हलतातच. पौलही गलतीकरांना लिहितो की प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास तेवढा उपयोगाचा. म्हणून तुमच्या सासऱ्यांच्या त्या टेम्पोला मी तारणाची किंमत म्हणणार नाही. पण ती कशाची खूण होती, हे ठरवायची घाई तुमच्या भावानं का करावी?

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी याच विषयावर एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचं सार असं, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या कार्यावरल्या विश्वासात, देव आपला स्वीकार करतो, आणि पवित्र आत्मा देतो तो आपल्याला चांगल्या कामांकडे नेतो. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात सामील झाले, २०१७ मध्ये जागतिक रिफॉर्म्ड मंडळ्यांचा संघ. सीएनआय या शेवटच्या संघाची सभासद आहे, म्हणजे तुमचं माहेरही अप्रत्यक्षपणे त्यात आलं. सगळे वाद मिटले असं नाही. कितीतरी लुथरनांना हे मान्य नाही, आणि मृतांसाठी प्रार्थनेचा प्रश्न तर तिथं सुटलेलाच नाही. पण जेवणाच्या टेबलावर ज्या वाक्यानं एका विधवेला ताटावरून उठवलं, त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर तिच्या चर्चचीही सही आहे.

राहिलं रोमकरांस दहा-नऊ. भावाला म्हणावं, तीन ओव्या वर जा. तिथे पौल सांगतो, 'स्वर्गात कोण चढेल' असं मनात म्हणू नकोस, 'अधोलोकात कोण उतरेल' असंही म्हणू नकोस. का, तर ख्रिस्ताला आणायला कुणी वर चढायची किंवा खाली उतरायची गरज नाही. वचन जवळच आहे, तुझ्या तोंडात आणि तुझ्या मनात. या सगळ्या उताऱ्याचा ओघ 'जवळ आहे' हे सांगण्याकडे आहे. त्यातली नववी ओवी सुटी काढून तिची प्रवेशपरीक्षा केली, आणि परीक्षक म्हणून आपणच बसलो, की वचन तेच राहतं आणि सुवार्ता निघून जाते. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या त्या चोराला धड कबुली देण्याइतकाही वेळ नव्हता. येशूकडे त्यानं मागितलं ते 'माझी आठवण ठेवा' एवढंच. तुमचे सासरे झाडाखाली उभं राहून काय म्हणत होते, ते त्या झाडाला ठाऊक. ते स्वर्गात आहेतच असं मी लिहून देणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण 'विषय संपला' म्हणायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही.

भावाशी वाद घालू नका. नवा नवा पेटलेला माणूस वादात आणखी पेटतो, आणि त्याला जे मिळालंय तेही खोटं नाही. फक्त एवढं सांगा, "तू म्हणतोस ते कृपेबद्दलचं मला मान्य आहे, पण तू सासूबाईंना दुखावलंस. फोन करून माफी माग." देवशास्त्र बरोबर की चूक हा प्रश्न माफीच्या आड आणू देऊ नका.

सासूबाईंचं जरा वेगळं आहे. 'किती मिस्सा झाल्या की पुरे' या प्रश्नात दुःख कमी आणि धास्ती जास्त आहे, आणि त्या धास्तीला त्यांच्या चर्चनंच उत्तर दिलेलं आहे, फक्त ते त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसावं. कॅथलिक शिकवणीनुसार मृतांसाठी प्रार्थना करतात ती त्यांचा निकाल फिरवायला नव्हे. जे देवाच्या कृपेत गेले, पण ज्यांची अजून पुरती शुद्धी व्हायची आहे, त्यांच्यासोबत चालणं असं ते आहे. मिस्सासाठी आपण पैसे ठेवतो ती किंमत नव्हे. चर्चच्या कायद्यातच लिहिलंय की यात व्यापाराचा नुसता भासही असता कामा नये. तेव्हा 'पुरे' होण्याचा आकडाच नाही. नवरा आजारी असताना त्यांनी डबा किती वेळा नेला, हे त्यांनी मोजलं होतं का? हे तुम्ही समजावण्यापेक्षा त्यांच्या फादरकडून ऐकलं तर जास्त बरं. त्यांना घेऊन जा, तुम्ही सोबत बसा, आणि जो प्रश्न रात्री तुम्हाला विचारला तोच फादरना विचारू द्या.

आपल्या प्रॉटेस्टंट परंपरेत मृतांसाठी अशी प्रार्थना करत नाहीत, हे मला ठाऊक आहे, मीही त्याच परंपरेतली. तरी पुढच्या मिस्साला तुम्ही जा. ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घ्यायला लोक रांगेनं पुढे जातील तेव्हा तुम्ही बाकावर बसून राहाल, तो त्यांचा नियम आहे, त्यात अपमान नाही. त्या वेळात सासऱ्यांबद्दल देवाचे आभार माना. एवढं करायला कुठल्याच मंडळीची हरकत नाही.

आता तुमची कोरड.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की आठेक वर्षांनी मला कळलं, ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाचून लोक पुढच्या अनुभवाकडे धावतात. मी त्या आठ वर्षांपाशी थांबते. त्याच काळात, १८८९ साली, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा मुलींना शिकवलं, आणि चारी बाजूंनी टीका सोसली. ज्या काळाला त्यांनी स्वतःच अपुरा म्हटलं, त्या काळातही देवानं त्यांचा हात सोडलेला दिसत नाही. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. (तुमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं.) त्यांना तारणारी कृपा त्यांच्या जाणिवेच्या आधीपासून कामाला लागली होती.

तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा तुमच्या सासरीही करतात, माहेरीही. त्या बाळाला काय वाटत असतं? भूक लागलेली असते. तरी आपण म्हणतो की देवानं याला आपलं म्हटलं. मग चाळिशीकडे आलेल्या एका थकलेल्या बाईनं आत काही हलत नाही म्हणून स्वतःचं नाव का खोडावं? आठ महिने झाले माणूस जाऊन. दुःखात जीभेची चव जाते, तशी प्रार्थनेचीही जाते. झोपही गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक कोरडीला अविश्वास म्हणायची आपल्या लोकांना फार वाईट खोड आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एका दमात दोन्ही. येशूनं त्याला आधी घरी जाऊन विश्वास वाढवून ये असं सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. आणि त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात. तिथे शब्द आहेत, येशूनं 'त्यांचा विश्वास' पाहिला. त्यांचा. बाजेवरच्या माणसानं तोवर तोंड उघडल्याचा उल्लेखच नाही. सध्या बाजेवर तुम्ही आहात असं समजा. चार टोकं दुसऱ्यांनी धरली तर चालतं.

रविवारी निकेआचा मतांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणताना हे जाणवेल. ३२५ साली निकेआच्या परिषदेनं त्याचं पहिलं रूप ग्रीकमध्ये मांडलं तेव्हा पहिला शब्द होता 'आम्ही विश्वास ठेवतो'. अनेकवचन. ज्या रविवारी तुमच्या तोंडून शब्द निघणार नाहीत, त्या रविवारी शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंना ते म्हणू द्या. तुमच्या वाट्याचेही म्हणतात त्या.

प्रार्थना सोडू नका, पण छोटी करा. तासभर बसून मनात काही हलतंय का ते तपासत राहणं ही प्रार्थना नाही, तो पुन्हा काउंटरवरचा कस झाला. प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा आणि उठून कामाला लागा.

आणि २ नोव्हेंबर, म्हणजे कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की सासूबाई कबरीवर फुलं-मेणबत्त्या घेऊन जातील, वसईत सगळेच जातात. त्याच्या दोन दिवस आधी, ३१ ऑक्टोबरला, ल्यूथरची आठवण म्हणून आपल्याकडे धर्मसुधारणेचा दिवस येतो. त्या आठवड्यात भावाला बोलावून घ्या. माफी तोवर मागून झालेली असली तर उत्तमच. त्याला प्रार्थना करायला सांगू नका, फुलांची पाटी उचलायला सांगा. संध्याकाळी दफनभूमीत फार गर्दी होते, तेव्हा चार वाजताच निघा.